परक्या संघातील एक जागा

स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिकेत संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण किंवा समाजकारण यांपैकी एखादा विषय असावा, अशी आपल्याकडे रूढ अपेक्षा असते. खेळाडूने परदेशी जाऊन व्यावसायिक संघात खेळणे हा विषय त्या मानाने हलका वाटण्याचा संभव आहे. तथापि हा प्रश्न जितका खेळाचा आहे तितकाच शिक्षणाचाही आहे. शाळेच्या मैदानावर दिसलेले कौशल्य महाविद्यालयात टिकते का, टिकले तर त्याचे पुढे उपजीविकेत रूपांतर होते का, आणि ते होत असताना त्या मुलाला वा मुलीला परक्या गावी एकट्याने उभे राहता येते का, हे तीन प्रश्न कोणत्याही शाळेने स्वतःस विचारावेत असे आहेत. मंठाळसारख्या गावातील शाळेने तर ते अधिकच विचारावेत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आपला हा मराठीभाषक भाग कर्नाटकात आला. दहावीनंतर येथील मुले कोणी बसवकल्याण-बिदरला, कोणी कलबुर्गीला, तर कोणी उमरगा, लातूर, सोलापूरकडे शिकावयास जातात. घराचा उंबरठा ओलांडताच भोवतालची भाषा आणि माणसे बदलतात, हा अनुभव त्यांना सोळाव्या वर्षीच येतो. परदेशी संघात खेळावयास गेलेल्या खेळाडूची कथा म्हणूनच आपल्याला वाटते तितकी दूरची नाही.

एक जागा म्हणजे काय?

हौशी खेळाडू आनंदासाठी खेळतो आणि व्यावसायिक खेळाडू वेतनासाठी, हा भेद आपण जाणतो. परदेशी व्यावसायिक खेळाडू हा यांतील तिसरा प्रकार होय. त्याला एखादा संघ दूरच्या देशातून बोलावतो, त्याचा प्रवास, निवास व मानधन सोसतो, ते एवढ्याचसाठी की त्या संघातील एखादी उणीव स्थानिक खेळाडूंकडून भरून निघत नाही. म्हणजे त्याची नेमणूक उणिवेपोटी झालेली असते. पाहुणा म्हणून त्याचे स्वागत होते खरे. परंतु पहिल्या दिवसापासून त्याच्या धावा, बळी वा गुण यांचा हिशेब मांडला जातो. स्थानिक खेळाडू दोन सामन्यांत अपयशी ठरला तर त्याला सांभाळून घेतले जाते. परदेशी खेळाडूच्या बाबतीत ‘याला एवढ्या लांबून आणले कशाला?’ हा प्रश्न लवकर उठतो.

शिवाय अशा जागा मोजक्याच असतात. स्थानिक खेळाडूंना संधी राहावी म्हणून बहुतेक देशांतील स्पर्धा परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालतात. भारतातील आयपीएलमध्ये एका सामन्यात ११ पैकी जास्तीत जास्त ४ परदेशी खेळाडू खेळू शकतात. ऑस्ट्रेलियातील महिलांच्या बिग बॅश स्पर्धेत ही मर्यादा ३ची आहे. त्या दोन-चार जागांसाठी जगभरातील उत्तम खेळाडूंशी स्पर्धा करावी लागते. तेव्हा असा करार मिळणे ही मोठी गोष्ट असली, तरी परीक्षा सुरू होते ती कराराच्या नंतर.

सांगलीचे हजारे, लँकेशायरचा शनिवार

मराठी माणसाचा या वाटेशी आलेला संबंध जुना आहे. इंग्लंडच्या उत्तरेस लँकेशायर परगण्यात कापडगिरण्यांची लहान लहान गावे आहेत. त्या गावांच्या क्लबांनी १८९२ साली लँकेशायर लीग ही स्पर्धा सुरू केली. गिरणीतील कामगार, कारकून, शिक्षक असे गावकरी शनिवारी दुपारी खेळत आणि प्रत्येक क्लब एकच पगारी व्यावसायिक खेळाडू नेमी. हा एकटा खेळाडू फलंदाजीत आधार द्यावयाचा, गोलंदाजीत दीर्घकाळ राबावयाचा, आणि आठवड्यात गावातील मुलांना शिकवावयाचा. त्याने अर्धशतक काढले की प्रेक्षकांतून त्याच्यासाठी पैसे गोळा होत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ साली नेल्सन या गावच्या क्लबात आले आणि पुढे नऊ हंगाम तेथे खेळले. आपल्याकडील अमरसिंग कोल्न येथे आणि लाला अमरनाथ नेल्सन येथे खेळले.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथील कसोटीत ब्रॅडमनच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके काढली. हे हजारे १९४९ साली रॉटनस्टॉल या गिरणगावच्या क्लबाचे व्यावसायिक खेळाडू होते. ॲडलेडच्या विस्तीर्ण मैदानावरून आलेल्या या अत्यंत मितभाषी मनुष्याने गिरणीकामगारांच्या संघात एकटा पगारी म्हणून उभे राहावे, यात मानहानी काहीच नव्हती. तो एक व्यवसाय होता. भारतात तेव्हा केवळ क्रिकेटवर पोट भरणे दुरापास्त होते. खेळाडू संस्थानिकांच्या आश्रयाने, लष्करात वा कंपनीत नोकरी धरून खेळत. लँकेशायरने त्यांना खेळाचेच वेतन दिले.

या व्यवस्थेतील एक जुने दुखणेही त्याच काळात दिसून आले. १९५२ साली भारतीय संघ हजारे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. विनू मांकड यांचा त्या हंगामात हॅस्लिंग्डन क्लबाशी करार होता. संघात निवड होईल अशी हमी मिळाल्यास आपण क्लब सोडू, ही त्यांची मागणी मंडळाने मान्य केली नाही. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे ४ गडी शून्य धावांवर बाद झाले आणि मग मांकड यांना क्लबाकडून मागून घेण्यात आले. लॉर्ड्सच्या पुढील कसोटीत त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. भारत तो सामना हरला. पण क्लबाचा करार आणि देशाचे बोलावणे यांत खेळाडूची ओढाताण कशी होते, याचे हे उदाहरण आजही जुने झालेले नाही. आज परदेशी स्पर्धेत खेळण्यापूर्वी आपल्या मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याच्या मुळाशी हाच पेच आहे. भारतीय मंडळ आपल्या सक्रिय पुरुष खेळाडूंना परदेशी वीस षटकांच्या स्पर्धांत खेळू देत नाही. महिला खेळाडूंना मात्र २०१६ पासून ती परवानगी मिळाली.

महाविद्यालयातून परदेशी: बास्केटबॉलची वाट

महाविद्यालय आणि परदेशी व्यावसायिक खेळ यांचा सर्वांत निकटचा संबंध बास्केटबॉलमध्ये दिसतो. हा खेळच मुळी एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी निर्माण केला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून त्याची योजना केली. अमेरिकेत आजही व्यावसायिक खेळाडू प्रामुख्याने विद्यापीठांच्या संघांतून येतात. विद्यापीठीय बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत ३५०हून अधिक संस्थांचे संघ आहेत. उलट तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, ३० संघ आहेत, आणि दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडीत सुमारे ६० नवे खेळाडूच घेतले जातात. हजारोंतून साठ. उरलेल्यांपैकी ज्यांना खेळावरच जगावयाचे असते, ते युरोप, तुर्कस्तान, चीन, तैवान, फिलिपीन्स, ऑस्ट्रेलिया येथील क्लबांकडे वळतात. महाविद्यालयात नाव गाजविलेल्या खेळाडूचे परदेशगमन म्हणजे पुष्कळदा दुसऱ्या दाराने केलेला प्रवेश असतो.

टोरांटोत जन्मलेल्या पंजाबी कुटुंबातील सिम भुल्लर याचेच पाहा. साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा हा तरुण न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाकडून खेळला आणि आपल्या विभागीय स्पर्धेत २०१३ व २०१४ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही २०१४च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जकडून तो ३ सामने खेळला आणि भारतीय वंशाचा एनबीएमधील पहिला खेळाडू ठरला. त्यानंतर मात्र त्याची कारकीर्द घडली ती तैवानसारख्या दूरच्या देशातील क्लबांत.

आपल्या देशातील उदाहरण गीतू अन्ना जोस हिचे. केरळातील कोट्टयम जिल्ह्यात १९८५ साली जन्मलेली ही मुलगी चंगनाशेरीच्या असम्प्शन महाविद्यालयात घडली, रेल्वेकडून खेळली, भारताची कर्णधार झाली. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियातील रिंगवूड हॉक्स या क्लबाकडून व्यावसायिक म्हणून खेळली. २०११ साली अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेतील तीन संघांनी तिला चाचणीसाठी पाचारण केले. असे निमंत्रण मिळालेली ती पहिली भारतीय महिला होय. तिन्ही ठिकाणी तिला करार मिळाला नाही. ती परतली, भारतासाठी खेळत राहिली, आणि २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जी जागा मिळाली नाही तिच्यावरून खेळाडूचे मोल ठरवू नये, हे गीतूच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

माधवनगर ते टॉन्टन

आता आपल्या भाषेच्या मुलुखात परत येऊ. हजारे यांच्याच सांगलीजवळ माधवनगर येथे स्मृती मानधना ही मुलगी वाढली. तिचा जन्म १८ जुलै १९९६चा, मुंबईचा. कुटुंब ती लहान असतानाच सांगलीस आले. वडील जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले, भाऊ महाराष्ट्राच्या किशोर संघात. भावाचा सराव पाहावयास जाता जाता ती खेळू लागली. एरवी सर्व कामे उजव्या हाताने करणारी ही मुलगी घरच्यांना डावखुरी फलंदाजी आवडते म्हणून डावखुरी फलंदाज झाली. वयाच्या नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवडली गेली. पुढे सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयात तिचे शिक्षण झाले. क्रिकेटसाठी तिने विज्ञान शाखेचा विचार सोडला होता.

ऑक्टोबर २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात, बडोद्यास गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. महाविद्यालयात शिकण्याच्या वयातील या खेळाडूची ख्याती तेथून देशभर झाली. २०१४ साली इंग्लंडमध्ये तिने कसोटी पदार्पण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच भूमीवर, होबार्ट येथे, पहिले एकदिवसीय आंतरराष्ट्रीय शतक काढले. त्याच वर्षी मंडळाने परवानगी देताच हरमनप्रीत कौरने सिडनी थंडरशी आणि स्मृतीने ब्रिस्बेन हीटशी करार केला. महिलांच्या बिग बॅशमधील या पहिल्या दोन भारतीय खेळाडू.

येथवरची कथा वृत्तपत्रांनी कौतुकाने सांगितली आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. ब्रिस्बेनच्या त्या पहिल्या हंगामात स्मृतीने १२ डावांत मिळून अवघ्या ८९ धावा केल्या. बडोद्याच्या एका दिवसात तिने याच्या अडीचपट धावा केल्या होत्या. तेथील खेळपट्ट्यांवर चेंडू अधिक उसळतो, तोही नित्य नव्या गोलंदाजांचा, आणि सामने अल्प अंतराने. ज्या जागेसाठी तिला आणले होते ती उणीव तिच्याकडून भरून निघाली नाही. भरीस भर म्हणजे जानेवारी २०१७ मध्ये मेलबर्न रेनेगेड्सविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना ती वेडीवाकडी पडली आणि गुडघ्याच्या अस्थिबंधनास इजा होऊन उरलेल्या हंगामास मुकली. विश्वचषकाची पात्रता फेरी आणि दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिकाही हुकली.

परदेशी खेळण्याची खरी किंमत या ठिकाणी कळते. करार तात्पुरता, दुखापत मात्र कायमची ठरू शकते. सांगलीत असती तर घर होते. तेथे तिची ओळख तिच्या धावांपुरतीच होती. या वेळी कोणी ‘मुलीला तेवढे जमले नाही’ असे म्हणाले असते, तर आकडे त्यांच्या बाजूने होते.

सुमारे पाच महिने तिने गुडघा बरा करण्यात घालविले आणि जून २०१७ मध्ये ती इंग्लंडमधील विश्वचषकात उतरली. पहिल्याच सामन्यात, डर्बी येथे इंग्लंडविरुद्ध, ९० धावा. पाचच दिवसांनी टॉन्टन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. पुढील सामन्यांत तिची बॅट पुन्हा थंडावली आणि लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. भारत इंग्लंडकडून ९ धावांनी हरला. प्रगतीचा मार्ग सरळ वर चढत जातो, असे जे आपण मुलांना सांगतो, ते खरे नाही.

२०१८ साली वेस्टर्न स्टॉर्म या इंग्लिश संघाने तिला किया सुपर लीग स्पर्धेसाठी करारबद्ध केले. त्या स्पर्धेतील ती पहिली भारतीय खेळाडू. संघाचे एक मैदान टॉन्टन, जेथे तिने वर्षापूर्वी शतक काढले होते. आणि कर्णधार हीदर नाइट, जिच्या इंग्लंड संघाने लॉर्ड्सवर भारताला हरविले होते. वर्षापूर्वीची प्रतिस्पर्धी आता आपल्याच कपडेबदलाच्या खोलीत, आपल्याला सूचना देणारी. हा बदल मनाने स्वीकारता येणे हेही व्यावसायिकतेचे अंग आहे. पावसामुळे सहा षटकांच्या झालेल्या एका सामन्यात स्मृतीने १८ चेंडूंत अर्धशतक पूर्ण केले आणि न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनच्या विक्रमाशी बरोबरी केली. लँकेशायर थंडर या संघाविरुद्ध तिने १०२ धावा काढल्या. ज्या परगण्यात ६९ वर्षांपूर्वी सांगलीचे हजारे एकट्या पगारी खेळाडूची जागा सांभाळीत होते, त्याच परगण्याच्या संघाविरुद्ध सांगलीचीच मुलगी शतक काढत होती. त्या हंगामात तिने एकूण ४२१ धावा केल्या आणि ती स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून गौरविले. २०२१ साली पुन्हा.

आणखी एक सामना सांगितल्यावाचून राहवत नाही. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी सिडनी थंडरकडून खेळताना स्मृतीने मेलबर्न रेनेगेड्सविरुद्ध ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा केल्या. महिलांच्या बिग बॅशमध्ये शतक करणारी ती पहिली भारतीय. प्रतिस्पर्धी तोच संघ, ज्याच्याविरुद्ध पावणेपाच वर्षांपूर्वी गुडघा दुखावला होता. आणि तरीही तिचा संघ ४ धावांनी हरला. कारण समोरच्या संघात हरमनप्रीत होती, तिने नाबाद ८१ धावा तर केल्याच, शिवाय निर्णायक शेवटचे षटकही टाकले. दोन भारतीय स्त्रिया परदेशात, परक्या संघांकडून, एकमेकींविरुद्ध, सामन्याचा निकाल ठरवीत होत्या. पाच वर्षांपूर्वी या स्पर्धेत एकही भारतीय नव्हती.

दुसरा हंगाम

या साऱ्या वृत्तांतातून एक गोष्ट हाती लागते, ती अशी की परदेशी व्यावसायिक खेळात पहिला हंगाम खेळाडूचे कौशल्य तपासतो आणि दुसरा हंगाम त्याचे शिक्षण तपासतो. पहिल्या हंगामात अपयश येणे स्वाभाविक आहे. खेळपट्टी, हवा, अन्न, भाषा, एकटेपणा ही सारीच परकी असतात. त्या अपयशातून नेमके काय शिकावयाचे, शरीर कसे दुरुस्त करावयाचे, कोणाला काय विचारावयाचे आणि पुन्हा कोणत्या दारावर जावयाचे, हे ज्याला कळते त्यालाच दुसरा हंगाम मिळतो. हे कळणे मैदानावर एकाएकी उपजत नाही. ते घरी, शाळेत आणि महाविद्यालयात हळूहळू रुजते. स्मृतीच्या बाबतीत वडिलांनी सरावाची आखणी पाहिली, आईने आहार व इतर व्यवस्था सांभाळली, भावाने जाळीत गोलंदाजी केली, हे तिच्या कुटुंबाविषयी सर्वज्ञात आहे. म्हणजे करार एकीच्या नावावर झाला असला तरी त्यामागे एका घराची दहा वर्षांची मजुरी होती.

कलबुर्गीपर्यंत आलेली वाट

सांगली आपल्यापासून दूर आहे, असे कोणी म्हणेल. मग आणखी जवळ येऊ. श्रेयांका पाटील ही कर्नाटकची ऑफस्पिन गोलंदाज. कुटुंब मूळचे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील. क्रिकेट घडले बंगळूरला. जून २०२३ मध्ये हाँगकाँग येथे उदयोन्मुख खेळाडूंच्या आशिया स्पर्धेत भारत ‘अ’ संघाकडून ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरिबियन बेटांतील महिलांच्या स्पर्धेसाठी गयाना ॲमेझॉन वॉरियर्स या संघाने तिला करारबद्ध केले. त्या स्पर्धेत करार मिळविणारी ती पहिली भारतीय. विशेष हे की तोवर ती भारताच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळली नव्हती. तेथे ती ९ बळींसह स्पर्धेतील सर्वाधिक बळी घेणारी गोलंदाज ठरली, आणि मगच, डिसेंबर २०२३ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानावर तिने भारतासाठी पदार्पण केले. जुना क्रम येथे उलटला. पूर्वी देशासाठी नाव मिळविल्यावर परदेशी क्लब बोलावीत. श्रेयांकाने परदेशी संघात नाव मिळविले आणि पाठोपाठ देशाचे बोलावणे आले.

१७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत महिला प्रीमियर लीगचा अंतिम सामना झाला. रॉयल चॅलेंजर्स बंगळूर संघाची कर्णधार स्मृती. १२ धावांत ४ बळी घेणारी श्रेयांका. आणि त्याच संघात परदेशी खेळाडूंच्या जागांपैकी एकीवर सोफी डिव्हाइन, जिच्या विक्रमाशी स्मृतीने इंग्लंडमध्ये बरोबरी केली होती. संघ विजयी झाला. एकेकाळी आपल्या खेळाडूंना पोटासाठी लँकेशायरला जावे लागे. २०२४ साली न्यूझीलंडची खेळाडू भारतातील संघात ती एक जागा भरून काढावयास आली आणि सांगलीची मुलगी तिची कर्णधार होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा स्मृती त्या संघाची उपकर्णधार होती आणि स्पर्धेत तिच्या ४३४ धावा झाल्या होत्या. परदेशात घालविलेल्या त्या उन्हाळ्या-हिवाळ्यांची शिदोरी तिच्याजवळ होती.

आपल्या मैदानावर

याचा अर्थ मंठाळच्या प्रत्येक मुलीने परदेशी संघात जावे असा नाही. हजारोंतून साठ, हा हिशेब वर सांगितलाच आहे. परंतु त्या हिशेबात आपली मुले मुळात मोजलीच जात नाहीत, हे आपल्याला बदलता येण्यासारखे आहे. आपल्याकडे मैदान सुटते ते नववी-दहावीत. मुलांचा खेळ ‘बोर्डाची परीक्षा आहे’ म्हणून थांबतो. मुलींचा खेळ कोणी मोठ्याने काही न म्हणताच थांबतो. महाविद्यालयात गेल्यावर तो पुन्हा सुरू होत नाही, कारण दोन वर्षांच्या खंडानंतर निवडचाचणीत उभे राहावयाचे धैर्य उरत नाही. गीतू असो वा स्मृती, दोघींच्याही बाबतीत नेमका हाच खंड पडला नाही.

म्हणून शाळेने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. दहावीच्या वर्गालाही आठवड्यातून दोन दिवस मैदान मोकळे ठेवावे, आणि त्या वेळी मुलींची संख्या किती आहे ते शिक्षकांनी रोज मोजावे. प्रत्येक सामन्याची धावनोंद वा गुणनोंद नीट लिहून, तारखेसह जपून ठेवावी. तालुका, जिल्हा व विभागीय निवडीच्या वेळी खेळाडूजवळ दाखवावयास काही लेखी असावे. मराठी शाळेतून जाणाऱ्या मुलांना कन्नड व इंग्रजीत स्वतःची ओळख करून देता येईल, अडचण सांगता येईल, अर्ज भरता येईल, इतकी तयारी करून द्यावी. कर्नाटकातील निवडीची दारे त्यांना त्याच भाषांत ठोठवावयाची आहेत. आणि पदवीचा धागा तुटू देऊ नये. कारण गुडघा केव्हा साथ सोडील हे कोणी सांगू शकत नाही.

माजी विद्यार्थ्यांनाही एक काम आहे. आपल्यापैकी अनेक जण सोलापूर, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे स्थिरावले आहेत. निवडचाचणीसाठी येणाऱ्या गावच्या मुलाला किंवा मुलीला दोन रात्रींचा निवारा, स्टेशनवरून आणणे-पोहोचविणे आणि घरचे जेवण एवढे जरी त्यांनी दिले, तरी पुष्कळ होईल. परक्या संघातील त्या एका जागेपर्यंत पोहोचण्यासाठी पहिला मुक्काम ओळखीच्या घरी पडावा लागतो. तो मुक्काम देणे आपल्या हाती आहे.